प्रमाणपत्राचा हिशेब

तीर्थपुरीचे एक शेतकरी गृहस्थ मध्यंतरी आमच्या कचेरीत आले होते. मुलगा बारावी झालेला. जमीन साडेतीन एकर, त्यांतली निम्मी उसाखाली आणि उरलेली कापूस-तुरीच्या भरवशावर. त्यांच्या हातांत दोन कागद होते. एक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या आयटीआयचा. त्यात वीजतंत्री ह्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती होती. दुसरा शहरातल्या एका खासगी वर्गाचा. गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेला आणि सहा महिन्यांत प्रमाणपत्र व पाठोपाठ नोकरी असे अभिवचन देणारा. गृहस्थांनी दोन्ही कागद मेजावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, बैल घ्यायचा तर आम्ही दात बघतो, म्हैस घ्यायची तर दोन टाइम धार काढून बघतो. ह्या कागदाचं काय बघावं?"

आम्ही त्यांना त्या वेळी जे उत्तर दिले ते, खरे सांगायचे तर, अपुरे होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आयुष्याची कित्येक वर्षे शाळेत फळ्यासमोर उभे राहण्यात गेली. त्या काळात आम्ही शेकडो मुलांना 'पुढे शीक' असा उपदेश केला. परंतु पुढे शिकण्याला घरातून किती रुपये जातात आणि ते किती वर्षांनी परत येतात, हे एकाही पालकाला कागदावर मांडून दाखविल्याचे आम्हांस स्मरत नाही. शिक्षणाचा हिशेब करणे म्हणजे सरस्वतीला तराजूत बसविणे, अशी एक भाबडी समजूत आम्हां शिक्षकांत होती. ज्याच्या घरी पगाराचे ताट दर महिन्याला वाढले जाते, त्याला ही समजूत परवडते. साडेतीन एकरवाल्याला ती परवडत नाही. दरसाल निकालांनंतर हाच प्रश्न मराठवाड्यातील हजारो घरांत उभा राहतो, म्हणून आज पहिल्या पानाची ही जागा आम्ही त्याला देत आहो.

आयटीआयचे शिक्षण ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांना कुशल हात मिळावेत म्हणून केंद्र सरकारने १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री हे शब्द तेव्हापासून सरकारी मराठीत रुळले. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय संस्था आहेत. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून सुटला आणि येथे मोठे कारखाने यावयास आणखी काही दशके जावी लागली. वाळूजचा मोठा मोटारसायकल कारखाना उभा राहिला तो १९८५ साली. जालन्याच्या लोखंडाच्या गिरण्या आणि बियाण्यांचा व्यवसाय ह्यांनी जिल्ह्याला नाव दिले. म्हणजे यंत्रांवर काम करणाऱ्या हातांची गरज आपल्याकडे उशिरा आली, पण आली. असे असूनही सबंध देशात रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेली माणसे शंभरांत चार-पाचच आहेत, असे अलीकडच्या सरकारी पाहण्या सांगतात. एवढी गरज आणि एवढी वाण एकत्र नांदत असताना बाप कागद घेऊन दारोदार का फिरतो, ह्याचे उत्तर हिशेबातच सापडते.

तो हिशेब आता मांडू. त्यातील काही आकडे सरकारी आहेत, काही आम्ही धरून चाललो आहो. कोणते कोणते हे जागोजागी सांगू, म्हणजे वाचकाला आपल्या घरचे आकडे घालून तो पुन्हा करता येईल.

मुलगा शिकावयास गेला नसता तर काय कमावता, हा पहिला प्रश्न. आणि नेमका तोच कोणी विचारीत नाही. शेतमजुरीचा दर गावागणिक व हंगामागणिक बदलतो, म्हणून रोजगार हमीचा दर घेऊ. २०२५-२६ सालासाठी तो महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरला. वर्षात दोनशे दिवस काम मिळाले असे धरले तर ६२,४०० रुपये होतात. दोन वर्षांच्या शिक्षणात ही १,२४,८०० रुपयांची कमाई बुडते. मुलगा शहरात खोली करून राहिला, तर घरी राहण्याहून महिन्याला ४,००० रुपये अधिक लागतील असे धरू. वीस महिन्यांचे ८०,००० झाले. शासकीय संस्थेची फी, पुस्तके, हत्यारे, गणवेश ह्यांसाठी दोन वर्षांना १०,००० धरू. एकूण २,१४,८०० रुपये.

परंतु प्रमाणपत्र हाती आल्याने मुलगा कारागीर होत नाही. पुढे बहुधा एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी असते. २०१९ साली सुधारलेल्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये ठरविले. ते वाढवावे अशी शिफारस केंद्रीय परिषदेने २०२५ साली केली आहे. आम्ही सावधपणे जुनाच आकडा धरतो. वर्षाचे ८४,००० मिळाले, त्यांतून शहरात राहण्याचे ४८,००० गेले, उरले ३६,०००. गावी मजुरी केली असती तर ६२,४०० मिळते. म्हणजे ह्या वर्षीही २६,४०० रुपयांची खोट आहेच. ती मिळविली की प्रमाणपत्राची खरी किंमत २,४१,२०० रुपये होते.

ह्या रकमेकडे वाचकाने जरा निरखून पाहावे. तिच्यात फी, पुस्तके व हत्यारे मिळून केवळ १०,०००, म्हणजे शंभरांत चार रुपये आहेत. उरलेले शहाण्णव रुपये घरच्या चुलीतून जातात आणि ते कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसतात. 'सरकारी शिक्षण जवळजवळ फुकट आहे' असे व्यासपीठावरून सांगणारे केवळ त्या चार रुपयांविषयी बोलत असतात. मुलगा मध्येच शिक्षण सोडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला, की त्याच्या आळसाला दोष देणारेही हेच. तो आळशी नसतो. शहाण्णव रुपयांचे ओझे त्याच्या घराला पेललेले नसते.

आता परतीची बाजू पाहू. महावितरणने २०२३ च्या डिसेंबरात विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली. वीजतंत्री अथवा तारतंत्री प्रमाणपत्र असलेल्यांसाठी ह्या जागा होत्या आणि मानधन पहिल्या वर्षी महिन्याला १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये असे होते. महिन्याला १५,००० हाच आकडा घेतला, तर वर्षाच्या १,८०,००० मधून शहरवासाचे ४८,००० वजा जाता १,३२,००० उरतात. मजुरीहून ६९,६०० अधिक. ह्या हिशेबाने गुंतलेली रक्कम साडेतीन वर्षांत परत येते आणि त्यापुढचे आयुष्य नफ्याचे. शिवाय दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मागता येतो. ती वाट खुली राहते. हा सौदा कोणीही शहाणा शेतकरी डोळे झाकून करील.

पण सगळ्यांना महावितरण मिळत नाही. बहुसंख्य मुले ठेकेदाराच्या हजेरीवर कारखान्यांत जातात. तेथे महिन्याला १२,००० पडले असे धरू. वर्षाचे १,४४,००० होतात, राहण्याचा खर्च वजा जाता ९६,००० उरतात, मजुरीहून अधिक केवळ ३३,६००. गुंतलेले पैसे परत यावयास सात वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्या सात वर्षांत ठेका बदलला अथवा पाळी बंद झाली, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. समजा, तोच मुलगा तेच १२,००० तीर्थपुरीत घरी राहून मिळवू लागला, तर? खोलीचे भाडे नाही, खानावळ नाही. मजुरीहून अधिक ८१,६०० रुपये वर्षाला पदरात पडतात आणि तीन वर्षांच्या आत सारी रक्कम फिटते. बारा हजार तेच. वाळूजला त्यांचे मोल एक आणि गावात त्याच्या अडीचपट.

तीर्थपुरीला हे अशक्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. घनसावंगी तालुका हा केवळ कोरडवाहू मुलूख राहिलेला नाही. गोदावरी जवळ आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने ह्या पट्ट्यात ऊस आणला, तीर्थपुरीला सहकारी साखर कारखाना उभा आहे. गळीत हंगामात तेथे बाष्पक, पाती, पंप, मोटारी रात्रंदिवस फिरत असतात आणि बंद हंगामात त्या सर्वांची उघडझाक व दुरुस्ती चालते. सौर कृषिपंप बसविण्यात जालना जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. पंप बसविणारी कंपनी परगावची असते. पण ऐन रब्बीत पंपाने मान टाकली म्हणजे शेतकऱ्याला उद्या सकाळी येणारा माणूस हवा असतो. ट्रॅक्टर, ठिबक, मोटारसायकली, घरांची वायरिंग ह्यांची यादी आम्ही लांबवीत नाही. गावात काम आहे. ते आज अंदाजाने शिकलेल्या हातांकडून होते, आणि कधी कधी त्या अंदाजाची किंमत खांबावरच्या माणसाला जिवाने मोजावी लागते. अर्थात स्वतःचे दुकान म्हणजे पहिल्या महिन्यापासून बारा हजार नव्हेत; हत्यारांना भांडवल लागते आणि उधारी वसूल करणे ही निराळीच विद्या आहे. तरीही वाट आहे, आणि ती महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. तेथून लोखंडी नांगर झाला आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक वीजतंत्री किर्लोस्कर होणार नाही, हे आम्हांसही कळते. पण हाताला विद्या असली म्हणजे माणसाला गावातूनही सुरुवात करता येते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता तो गुळगुळीत कागद. त्या वर्गाची फी ५०,००० रुपये आहे असे धरू. सहा महिन्यांची बुडालेली मजुरी ३१,२००, राहण्याचे २४,०००. एकूण १,०५,२०० रुपये. वरवर पाहता हा सौदा आयटीआयच्या निम्म्याहून स्वस्त, आणि घाई असलेला बाप तिकडे वळतो तो ह्याचमुळे. परंतु सहा महिन्यांच्या अर्धवट हाताला महिन्याला ९,००० मिळाले, तर शहरात राहून वर्षाला ६०,००० उरतात. गावची मजुरी ६२,४०० आहे. दरसाल २,४०० रुपयांचा तोटा! असा पैसा सात वर्षांत परत येत नाही आणि सत्तर वर्षांतही येत नाही. त्यात फी सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने काढली असेल, तर केवळ व्याजाचे वर्षाला १२,००० वेगळे. सगळे खासगी वर्ग असे असतात असे आमचे म्हणणे नाही. काही चांगले आहेत आणि त्यांतून निघालेली मुले पोटाला लागलीही आहेत. पण जो आपल्या मागील विद्यार्थ्यांचे आज काय चालले आहे हे सांगावयास कांकूं करतो, त्याच्या 'शंभर टक्के नोकरी'वर एक टक्काही विश्वास ठेवू नये.

तेव्हा त्या गृहस्थांनी विचारले ते दात कोणते? आमच्या मते चार. प्रमाणपत्रावरचा शिक्का राष्ट्रीय वा राज्य परिषदेच्या मान्यतेचा आहे काय, हा पहिला. कार्यशाळेत जाऊन पाहावे. यंत्रे किती, चालू किती आणि वीस मुलांत प्रत्येकाच्या हाताला ते दिवसातून किती वेळ मिळते, हा दुसरा. शिकविणारा निदेशक कायम आहे की दर सहामाहीला बदलतो, हा तिसरा. आणि चौथा सर्वांत मोलाचा: दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोन मुलांना गाठून, महिन्याला हातांत किती पडते, हे विचारावे. म्हशीची धार काढून पाहण्यासारखेच हे आहे. मुलीच्या बापानेही हेच पाहावे. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. तरीही वीजतंत्र्याच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. सौरपंपाची पेटी उघडावयास मिशा लागत नाहीत.

परंतु हे सर्व बापानेच करावे काय? येथे आमचे खरे गाऱ्हाणे आहे. शासकीय असो वा खासगी, कोणत्याही संस्थेच्या दारावर आज हा हिशेब लिहिलेला दिसत नाही. किती मुले भरती झाली, किती मध्येच गेली, किती उत्तीर्ण झाली, वर्षभराने किती कामाला आहेत आणि त्यांना काय मिळते, हे पाच आकडे शेतकऱ्याला विचारून कळत नाहीत. आपण खताच्या पोत्यावर घटकांचे प्रमाण छापावयास लावतो, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावयास लावतो. मुलाची दोन वर्षे आणि घराचे दोन लाख चाळीस हजार ज्या पिशवीत जातात, तिच्यावर मात्र काहीही छापलेले नाही! मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील एक हजार शासकीय आयटीआय सुधारण्यासाठी केंद्र, राज्ये व उद्योग ह्यांचा मिळून ६०,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण नव्या यंत्रांबरोबर नवा हिशेबही आला पाहिजे. ज्या संस्थेला ह्यातील एक रुपयाही मिळेल, तिने ते पाच आकडे मागील तीन वर्षांचे, व्यवसायवार, मोठ्या मराठी अक्षरांत दारावर लावावेत. आणि खासगी वर्गांना ह्याच अटीवर चालू द्यावे.

दुसरी मागणी शहाण्णव रुपयांविषयी. मुलगा खोली न करता घरून जाऊन-येऊन शिकला आणि त्याला प्रवासाला महिन्याला १,५०० लागले, तर दोन वर्षांत ५०,००० रुपये वाचतात. म्हणजे संस्थेच्या वेळेला धरून सुटणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक एसटी प्रत्येक मुलामागे पन्नास हजारांची शिष्यवृत्ती देते. विभाग नियंत्रकांनी वेळापत्रक आखताना हा हिशेब समोर ठेवावा. जेथे एसटी पुरत नाही तेथे वसतिगृह हवे.

तिसरी मागणी कायद्याचीच आहे. तीस अथवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे नियम सांगतात; विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. साखर कारखाना, वीज कार्यालये, सौरपंपांचे पुरवठादार, जालन्याच्या गिरण्या ह्यांनी ह्या तालुक्यातील मुलांना ह्या जागा आधी द्याव्यात. मुलगा घरून एसटीने शिकला आणि गावातच शिकाऊ राहिला, तर वरच्या हिशेबातील २,४१,२०० चे १,४३,२०० होतात; ओझे जवळजवळ लाखाने हलके होते. ह्यासाठी नव्या योजनेचे उद्घाटन नको, फीत नको आणि हारतुरेही नकोत.

ह्याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. प्रपंच नेटका करा असे संन्याशाने सांगावे, ही त्यांची थोरवी. नेटका प्रपंच म्हणजे आधी जमाखर्च. त्या गृहस्थांना आम्ही आज एवढेच सांगू की, मुलाला दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमाला जरूर घाला, कर्ज काढून सहा महिन्यांच्या कागदामागे जाऊ नका, आणि घालण्यापूर्वी संस्थेच्या दारात उभे राहून ते पाच आकडे मागा. एकट्याने मागितले तर शिपाई हसेल. गावाने मागितले तर प्राचार्यांना बाहेर यावे लागेल. त्या दिवशी ह्या वृत्तपत्राचा माणूसही तुमच्याबरोबर दारात उभा असेल.